एकवीस नळ्यांची गाडी

“उद्या ही गाडी डोंगरावरून गडगडत खाली आली ना, तरी आत बसलेल्या माणसाच्या हातातल्या कपातला चहा सांडणार नाही!”

साहेबांनी हे जाहीर केलं तेव्हा गाडी घरासमोर उभी होती, डोंगर गावापासून पुष्कळ लांब होता आणि चहाचा कप काकूंच्या हातात होता. काकूंनी तो आधी पिऊन टाकला. साहेबांनी एखादी गोष्ट सांडणार नाही म्हटलं, की ती ताबडतोब रिकामी करून ठेवायची, हा त्यांचा त्रेचाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

साहेब म्हणजे पूलवाले साहेब. नोकरीत त्यांनी एकोणतीस पूल बांधले. त्यातला एकही पडला नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण साहेबच ते सांगत. उंचीला सहा फुटांच्या वर. खुर्चीत बसले तरी मागच्या माणसाला वाटायचं, हे अजून उभेच आहेत. आणि काकू म्हणजे शिवणाच्या काकू. तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला. वर्ग बंद झाला तरी गळ्यातली टेप काही सुटली नाही. कुणी दारात आलं की त्यांची नजर आधी खांद्यांवर जायची आणि मग चेहऱ्यावर.

गाडी होती दोन माणसांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची आणि इतकी बुटकी, की आत बसलं म्हणजे जमिनीवरच पाय पसरून बसल्यासारखं वाटावं. छप्पर नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत साहेबांकडे अगदी अशीच गाडी होती. तेव्हा काकूंची वेणी कमरेपर्यंत होती आणि गाडीने वेग घेतला की ती मागे सरळ आडवी उडायची, असं साहेब म्हणत. काकूंनी ते कधी पाहिलं नव्हतं, कारण वेणी मागे होती. पण वारा त्यांना आठवत होता. पापण्या मिटायला लावणारा, तोंडातले शब्द पळवून नेणारा वारा. मग मुलगी झाली, तिघांना दोन सीट पुरेनात, आणि गाडी विकली. आता एकाहत्तराव्या वर्षी साहेबांना तशीच जुनी गाडी कुठेतरी सापडली आणि त्यांनी ती घरी आणली.

ती पहिली गाडी जिच्यापायी विकली, तीच मुलगी आता मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात डॉक्टर होती. कामावर ती इतकं काही बघायची, की घरी आली तरी टेबलाच्या कोपऱ्याकडे संशयाने पाहायची.

“बाबा, हिला छप्पर कुठाय?”

“उघडी गाडी आहे ही. छप्पर कसं असेल?”

“मग उलटली तर?”

“कशाला उलटेल?”

“माझ्याकडे स्ट्रेचरवरून येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. ‘कशाला उलटेल?’”

साहेबांनी एकोणतीस पुलांचा उल्लेख केला. मुलीने तो लहानपणापासून ऐकलेला असल्यामुळे पुरा होऊ दिला नाही.

“हे बघा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ड्युटीवर आहे. अकरा वाजता गाडी इस्पितळाच्या पार्किंगमध्ये घेऊन या. मी स्वतः बघणार. सुरक्षित वाटली तर ठेवा. नाही वाटली तर सोमवारी विकायची. कबूल?”

“कबूल! लेखी देऊ?”

काकूंना कुणी काही विचारलं नाही. त्या मशीनच्या सुईत दोरा ओवत होत्या. तो सहाव्या खेपेला ओवला गेला. एकाच मुलीपायी एकसारखी गाडी दोनदा विकायची वेळ फार थोड्या आयांवर येत असेल!

दुसऱ्याच दिवशी साहेब गाडी घेऊन जुन्या गाड्यांच्या गॅरेजात गेले. गॅरेजवाल्यांना सगळे मामा म्हणत. मामा गाडीभोवती फिरले, खाली वाकले, हातोडीने दोनचार ठिकाणी ठोकलं आणि हात पुसत म्हणाले, “सीटांमागे ही कमान आहे बघा. रोल बार म्हणतात. आधीच्या मालकाने नीट बसवून घेतलीय. एक कमान आणि तिचे दोन तिरके टेकू, तीन नळ्या. खाली सांगाड्याला घट्ट आहेत. गाडी उलटलीच, तर ही कमान जमिनीला टेकते आणि डोकी वाचतात. पट्टे नवे घाला. झालं काम.”

“फक्त तीन नळ्या?” साहेबांना अपमान वाटला.

“रस्त्यावरच्या गाडीला पुरे की.”

“पण शर्यतीच्या गाड्यांना चारी बाजूंनी पिंजरा असतो. रोल केज! मी वाचलंय.”

“असतो ना. पण तिथे माणूस हेल्मेट घालून, चार पट्ट्यांनी सीटला जखडून बसतो. साध्या डोक्याने पिंजऱ्यात बसलात, तर मागून कुणी हलकासा धक्का दिला तरी कपाळ जाऊन नळीवर. अपघात बाजूलाच राहील, पिंजराच मारेल.”

“मामा, मी एकोणतीस पूल बांधलेत.”

“पुलाच्या आत कुणी बसत नाही, साहेब.”

साहेबांनी त्याच दिवशी गॅरेज बदललं.

आठ दिवस जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं, नकाशे होते. काकू ओट्यापाशी उभ्या राहून जेवल्या. त्रिकोण! जिकडे बघावं तिकडे त्रिकोण! त्रिकोण कधी वाकत नाही, असं साहेब भाजी निवडतानाही सांगू लागले. ‘पिंजरा’ हा शब्द घरात बंद झाला. ‘संरक्षक चौकट’ म्हणायचं. चौकटीत त्रिकोण कसे, असं काकूंनी विचारलं नाही, कारण त्यांना त्यापेक्षा महत्त्वाचं विचारायचं होतं.

“अहो, यात माझं डोकं कुठे येणार?”

“कुठे म्हणजे? मानेवर.”

“तसं नाही हो. माझं माप घेतलंत का? बसल्यावर मी केवढी, हात वर केला की कोपर कुठे जातं, पाय उचलला की गुडघा कुठे...”

“अगं, माप गाडीचं घ्यायचं असतं! मिलिमीटरपर्यंत घेतलंय.”

काकूंनी काढलेली टेप पुन्हा गळ्यात अडकवली. तीस वर्षांत त्यांनी झगा टांगायच्या कपाटाचं माप घेऊन झगा कधी बेतला नव्हता. पण त्यांनी पूल तरी कुठे बांधले होते?

नकाशा घेऊन साहेब एका ग्रिलवाल्याकडे गेले. त्याच्याच हातच्या जाळ्या गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांना होत्या. बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही आणि आतला बाहेर जाऊ शकत नाही, अशी त्याच्या कामाची ख्याती. त्याने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि एवढंच विचारलं, “साहेब, दार कुठून?”

“दारावर दोन आडव्यातिडव्या नळ्या येणार. बाजूने कुणी धडकलं तर?”

“मग तुम्ही आत कसे जाणार?”

“वरून.”

“आणि वर?”

“वर तीन त्रिकोण. मधल्यातून माणूस जातो. मी हिशेब केलाय.”

हिशेब बरोबर होता. मधल्या त्रिकोणातून माणूस जात होता, फक्त तो एकेका अवयवाने जात होता! गाडी घरी आली तेव्हा तिच्यात एकवीस नळ्या होत्या. मामांच्या तीन आणि साहेबांच्या अठरा. हिरव्या बाटलीत कुणीतरी खिडकीची जाळी कोंबल्यासारखी ती दिसत होती. शेजारच्या पेन्शनर बाईंनी कुतूहलाने विचारलं, “कुठला प्राणी पाळणार आहात?”

“मला,” काकू म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आत जायला स्वयंपाकघरातलं स्टूल आणावं लागलं. स्टुलावर चढायचं, उजवा पाय त्रिकोणातून सोडायचा, मग डावा. मग दोन्ही हात वर करून, अंग चोरून, कुणी विहिरीत सोडल्यासारखं खाली घसरायचं. काकू घसरल्या. शेवटी डोकं राहिलं होतं.

टण्ण!

“लागलं का?” साहेबांनी विचारलं.

“नळीला विचारा.”

“नळीला काही होत नाही गं! बघ, साधा पोचासुद्धा नाही!” साहेबांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

मंगळवारी काकूंच्या कपाळाला टेंगूळ आलं. बुधवारी साहेबांनी गुडघा फोडून घेतला. गुरुवारी काकूंचं कोपर. या सगळ्या काळात गाडी घरासमोर चाकांना विटा लावून उभी होती. अपघातात जेवढी मोडतोड होते म्हणतात, तेवढी या दोघांनी अपघाताविनाच उरकत आणली होती.

काकूंचा जीव मात्र त्या गाडीत अडकला होता. रविवार जवळ येत होता. त्यांनी जुन्या गादीतला फोम काढला, लांब पट्ट्या कापल्या, वर फुलाफुलांच्या कापडाच्या नळकांड्या शिवल्या आणि हात पोचेल तिथवरच्या नळ्यांना बाह्या चढवल्या. गाडी आता खिडकीच्या जाळीसारखी न दिसता आजारी माणसाच्या पलंगासारखी दिसू लागली. वाटेने जाणारे मामा थांबले. त्यांनी एका बाहीवर अंगठा दाबला. अंगठा फोममधून थेट लोखंडाला टेकला.

“काकू, उशी छान झालीय. झोपायला.”

“मग काय करू हो, मामा?”

“नळ्यांना लावायचा फोम वेगळा असतो, लाकडासारखा कडक. तोसुद्धा हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठीच. खरं सांगू? कापून टाका सगळं. मागची कमान ठेवा.” मग साहेब बाहेर येताना दिसले म्हणून आवाज उतरवून म्हणाले, “आणि नाहीच कापलं, तर हेल्मेट घातल्याशिवाय आत बसू नका. माझी शपथ आहे.”

साहेबांनी हेल्मेटं आणली. दोन, पांढरी, भोपळ्याएवढी. आता एक नवीनच गंमत झाली. डोकं सुरक्षित झालं, पण मोठंही झालं. हेल्मेट घालून ताठ बसलं की ते वरच्या नळीला टेकायचं. म्हणून साहेब सीटवरून घसरून बसले आणि स्टिअरिंगच्या चाकाच्या मधून रस्ता पाहू लागले. शिवाय हेल्मेटात ऐकू येईना. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात साहेबांना काकूंचं फारसं ऐकू आलं नव्हतंच. आता त्याला कारण मिळालं.

रविवार उजाडला. पेन्शनर बाई मदतीला आल्या. दोघं स्टुलावरून आत उतरली. काकूंचा ओठ उतरताना नळीवर आपटला, पण आता अशा किरकोळ गोष्टींची नोंद कोण घेतो? शर्यतवाल्यांसारखे चार-चार पट्टे छातीवर आवळले. बाहीचा मुंढा आखूड शिवला की हात वर जात नाही, तसे काकूंचे दोन्ही हात अंगाला चिकटून बसले. गाडी निघाली. कोपरा वळल्यावर काकूंच्या लक्षात आलं.

“अहो! स्टूल!”

“काय?”

“स्टूल राहिलं! घरी!”

“हो ना! हवा छानच आहे!”

“आपण बाहेर कसं येणार?”

“अगदी! पूर्वीसारखंच!”

काकूंनी डोळे मिटले. वारा मात्र हेल्मेटच्या फटीतून थोडासा आला. एवढासाच. पण आला!

रस्त्यावर लोक थांबून बघत होते. साहेबांना वाटलं, कौतुकाने. अकराला पाच कमी असताना गाडी इस्पितळाच्या पार्किंगच्या फाटकाशी पोचली. फाटकाला दांडा आडवा, आणि बाजूला कूपन देणारं यंत्र. यंत्र मोठ्या गाड्यांच्या उंचीचं होतं. यांची गाडी बुटकी, त्यात साहेब घसरून बसलेले. दारावर नळ्या, छातीवर पट्टे. हात पोचेना.

“उतरून घ्या ना,” काकू म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं.

साहेबांनी पट्टे सोडले, दाराच्या वरच्या त्रिकोणातून आधी हात बाहेर काढला, मग खांदा आणि मग मोठ्या जिद्दीने हेल्मेटसकट डोकं. बटण दाबलं गेलं. कूपन बाहेर आलं आणि वाऱ्याने उडालं. दांडा वर गेला. साहेब डोकं आत घ्यायला लागले.

डोकं येईना.

बाहेर जाताना हेल्मेट तिरकं गेलं होतं. आत येताना त्याची कड नळीला अडकली. हेल्मेट काढावं, तर हनुवटीखालचा पट्टा दोन नळ्यांच्या मधोमध आणि हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्रिकोण कधी वाकत नाही, हे साहेबांनी आठ दिवस सांगितलं होतं. त्रिकोण वाकला नाही!

दांडा थोडा वेळ वाट पाहून खाली आला. मागे सात गाड्या. भोंगे सुरू झाले. पार्किंगवाला शिट्टी वाजवत धावत आला.

“काका, गाडी पुढे घ्या!”

“डोकं अडकलंय!”

“आधी गाडी पुढे घ्या, मग डोकं काढा!”

“डोकं बाहेर असताना पुढचं दिसत नाही!”

“मग आत घ्या की!”

“अरे, तेच तर...!”

पार्किंगवाल्याने वाकून पलीकडे पाहिलं. काकूंनी श्वास घ्यायला स्वतःचं हेल्मेट काढलं होतं. कपाळावर हिरवंनिळं टेंगूळ, ओठ सुजलेला, कोपराला पट्टी, चहूकडून लोखंडाच्या नळ्या. त्याचा चेहरा पडला.

“आजी, तुम्हाला बाहेर येता येतंय का?”

“स्टूल आहे का तुमच्याकडे?” काकूंनी विचारलं.

म्हाताऱ्या बाईंच्या डोक्याला मार लागलाय आणि त्या असंबद्ध बोलतायत, अशी त्याची खात्री पटली. त्याने फोन काढला. काकूंना एकेक शब्द ऐकू येत होता.

“बंब पाठवा! इस्पितळाचं फाटक! स्पोर्ट्स गाडी आहे, उघडी. दोन म्हातारी माणसं लोखंडात अडकलीत. बाई काहीतरीच बोलतायत. आणि काकांचं डोकं गाडीच्या बाहेर आहे! ... नाही, नाही! धडाला जोडलेलं आहे!”

बंबवाल्यांनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे लगेच अपघात विभागाला कळवलं. उघडी स्पोर्ट्स गाडी, वृद्ध जोडपं, गाडी कापून बाहेर काढावं लागणार. अपघात विभाग तिथून दोनशे पावलांवर होता.

काकूंनी तिला दारातून बाहेर पडताना पाहिलं. पांढरा कोट उडत होता, मागे दोन माणसं स्ट्रेचर ढकलत होती आणि ती त्यांच्याही पुढे धावत होती. एकदा पाच वर्षांची असताना ती बाजारात काकूंचा हात सोडून हरवली होती. सापडली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत काकूंनी तो कधी पाहिला नव्हता. इतके दिवस त्यांना वाटत होतं, पोरगी उगीच डॉक्टरी गाजवते.

“आई! हलू नकोस! मान हलवू नकोस! बाबा! ऐकू येतंय का?”

“काय?” साहेब हेल्मेटातून ओरडले.

“अगं, आम्ही बरे आहोत,” काकूंनी नळीमधून बोटं बाहेर काढून हलवली. “अगदी बरे.”

ती गुडघ्यांवर बसली. नळ्यांमधून हात आत घातला. नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

“कशाला धडकलात?”

“कशालाच नाही.”

“वेग किती होता?”

“उभे होतो.”

“मग हे कपाळाचं टेंगूळ?”

“ते मंगळवारचं.”

“कोपर?”

“गुरुवारचं.”

“ओठ?”

“ओठ आज सकाळी, बसताना.”

“आणि बाबांची मान सोललीय ती?”

“ती मात्र ताजी आहे.”

मुलीने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा फुलाफुलांच्या बाह्यांकडे, एकदा फाटकाच्या आडव्या दांड्याकडे. मग ती उठली, आणलेल्या स्ट्रेचरवर स्वतःच बसली आणि तिने चेहरा दोन्ही हातांत घेतला. ती हसते आहे की रडते आहे, ते स्ट्रेचरवाल्यांना कळेना. काकूंना कळलं. दोन्ही.

तेवढ्यात बंब आला. बंबावरच्या प्रमुख एक दणकट बाई होत्या. त्यांनी लोखंड कापायचं यंत्र हातात घेतलं आणि साहेबांच्या मानेजवळ वाकल्या.

“ती नळी नको!” साहेब ओरडले. “तिच्यावर सगळा भार आहे!”

“कसला भार?”

“गाडी उलटल्यावर येणारा!”

“काका, गाडी उलटलेली नाही.”

“उलटली तर!”

“मग तुमचं डोकं आधी खाली येईल. ते बाहेर आहे.”

साहेबांनी मनातल्या मनात आकडेमोड सुरू केली. कर्रर्र! नळी कापली गेली आणि साहेबांचं डोकं मूळ जागी आलं. मग काकूंसाठी दारावरच्या दोन नळ्या कापल्या. मग बाई म्हणाल्या, तुटक्या नळ्यांची टोकं सुरीसारखी आहेत, गाडी अशी रस्त्यावर सोडता येणार नाही. म्हणून ती टोकं काढली, ती काढल्यावर बाकीच्या लोंबकळू लागल्या, म्हणून त्याही काढल्या. त्रिकोणाची हीच तर खोड! एक बाजू गेली की उरलेल्या दोघी कामाच्या राहत नाहीत. साहेब फुटपाथवर बसून प्रत्येक नळीबरोबर डोळे मिटत होते. अठरा नळ्या, त्यांच्या अंगावरच्या फुलांसकट, शेजारी रचल्या गेल्या.

मुलगी स्ट्रेचरवरून उठली. आता ती फक्त डॉक्टर होती.

“मी बघितली गाडी. उद्या विकायची.”

साहेबांनी मान खाली घातली. शब्द तो शब्द. पूल बांधणारा माणूस शब्द मोडत नाही.

“नाही विकायची,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोण बोललं, ते कुणाला कळेना.

“मला हवी आहे ती. मागची विकली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आत्ताही पैज तुम्ही दोघांनी लावली. एकाने पिंजरा केला, एक विकायला निघाली. मी फक्त उशा शिवल्या!”

“आई... तुला हवी होती?”

“नाहीतर चार दिवस डोकं आपटून घ्यायला मला काय हौस आहे?”

मुलीने गाडीच्या दारावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, “पण सुरक्षित असायला हवी, आई. मी आत्ता दोनशे पावलं कशी धावले, ते तुला...”

“दिसलं मला. म्हणून तर नीट बघ म्हणते. रागाने नको बघू.”

बंबवाल्या बाई यंत्र पुसत होत्या. त्या मागच्या कमानीजवळ गेल्या, दोन्ही हातांनी ती गदागदा हलवून पाहिली, खाली वाकून बोल्ट पाहिले.

“हे बाकीचं कुणी केलं ते विचारत नाही. पण ही कमान पक्की आहे,” त्या म्हणाल्या. “शर्यतीच्या मैदानावर माझी ड्युटी असते. तिथे उघड्या गाडीची एक साधी परीक्षा घेतात. ए, तो लांब दांडा आण रे!”

त्यांनी दांड्याचं एक टोक कमानीच्या माथ्यावर ठेवलं आणि दुसरं समोरच्या काचेच्या वरच्या कडेवर.

“आता बसा. गाडी पूर्ण उलटली तर जमीन साधारण या रेषेवर येते. डोकं या दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे. चांगलं खाली.”

काकूंनी दार उघडलं. साधं दार, माणसासारखं. आत बसल्या. बाईंनी हात घालून पाहिलं. काकूंचं डोकं दांड्याच्या चार बोटं खाली होतं. काकूंनी गळ्यातली टेप काढून स्वतः मोजलं. माणूस आत बसवून घेतलेलं या गाडीचं ते पहिलं माप!

“डॉक्टर, तुम्ही?”

मुलगी चालकाच्या सीटवर बसली. तीन बोटं खाली.

“काका, आता तुम्ही.”

साहेब उठले, कोट सारखा केला आणि बसले. टक्! दांडा कमानीवरून उचलला जाऊन त्यांच्या टाळूवर जाऊन बसला.

“जरा खाली सरका.” साहेब सरकले. दांडा डोक्यावरच. “अजून.” साहेबांनी श्वास सोडला, पोट आत घेतलं, मान खांद्यांत घातली.

“नाही, नाही. मान आत ओढून गाडी चालवता येत नाही, काका.”

बाईंनी दांडा उचलून बाजूला ठेवला आणि निकाल सांगितला. “गाडी चांगली आहे. या दोघींसाठी. तुमच्यासाठी नाही.”

एकवीस नळ्या लागल्या, आठ दिवसांचे नकाशे लागले, बंब लागला, आणि अखेर गाडीत असुरक्षित असं एकच काय ते निघालं. ते आता फुटपाथवर उभं होतं, एका हातात पांढरं हेल्मेट आणि दुसऱ्या हातात नसलेलं कूपन घेऊन.

मुलीने घड्याळ पाहिलं. आत निरोप पाठवला, की अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आत्ताच घेते. तिने स्वतःचा पट्टा लावला, आईचा लावला, दोनदा ओढून पाहिला आणि गाडी फिरवली. पार्किंगवाला अठरा नळ्यांकडे बोट दाखवून साहेबांना काहीतरी विचारत होता. साहेब एक नळी उचलून त्याला समजावून सांगू लागले होते. पार्किंगवाला एकेक पाऊल मागे सरकत होता.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर मुलीने वेग घेतला. फार नाही, डॉक्टरला शोभेल इतकाच. तरी वारा आला. काकूंनी पापण्या मिटल्या. केस आता आखूड होते आणि पिकलेले. ते तेवढ्यातल्या तेवढ्यात उडाले.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, “आई, त्या बंबवाल्या बाई निघताना माझ्या कानात म्हणाल्या. बाबांची सीट चार बोल्ट काढून खाली बसवता येते म्हणे. मग त्यांचंही डोकं दांड्याखाली राहील. एका दुपारचं काम आहे.”

“असं?”

“आज संध्याकाळी सांगू त्यांना?”

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

“सांगू की. घाई काय आहे? त्यांना एकेका पुलाला चार-चार वर्षं लागायची.”